होडीची उघाडी

आमच्या गावाला तीन बाजूंनी खाडी आणि चौथ्या बाजूला खारजमीन. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे भरती. त्यामुळे आम्ही जातीचे शेतकरी असलो तरी दोन-चार घरांत मिळून एक होडी असायचीच. भाताचे भारे, पेंढा, बाजाराला जायची माणसं, सगळं होडीनं. रस्ता आणि पूल मागाहून आले. होडी म्हटलं की लोक वल्हं, शीड, इंजिन यांच्या गोष्टी सांगतात. तिच्यात साचणाऱ्या पाण्याची गोष्ट कोण सांगत नाही. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या त्या पाण्यापायी राबल्या.

पाणी होडीत चार वाटांनी येतं. फळ्यांच्या सांध्यांतून झिरपतं, लाटेबरोबर उडतं, माणसाच्या पायाला आणि जाळ्याला लागून येतं आणि वरून पावसाचं पडतं. यातलं पावसाचं सगळ्यांत वाईट. वीस फूट लांब आणि सरासरी पाच फूट रुंद अशी उघडी होडी धरा. आमच्या कोकणात एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस ही काही नवलाई नाही. तेवढ्यात होडीत नऊशे लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे जवळजवळ एक टन. आणि हे ओझं पोत्यासारखं ठेवलं तिथं बसत नाही. होडी ज्या अंगाला कलते त्याच अंगाला सगळं पाणी धावतं आणि तिला आणखी कलवतं. बांधून ठेवलेली रिकामी होडी सकाळी बुडालेली दिसायची ती यामुळे.

आज्याच्या काळात होडी लाकडाची. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल. उन्हात पडून होडी सुकली की सांधे उघडायचे. म्हणून खाडीत लोटण्याआधी तिच्यात मुद्दाम पाणी भरून ठेवायचं. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. तरी थोडं झिरपायचंच. लाकडी होडी कधी कोरडी ठाक नसते.

होडीच्या तळाला मधोमध पठाण असतो आणि त्याच्यावर आडवे वांक, म्हणजे होडीच्या बरगड्या. शेतकऱ्याच्या डोळ्यानं बघितलं तर प्रत्येक वांक हा एक बांध आणि दोन वांकांमध्ये एक खाचर. खाचरात पाणी अडलं की लाकूड कुजतं. म्हणून जाणता सुतार प्रत्येक वांकाच्या बुडाशी भोक ठेवायचा. सगळं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत मागच्या सखल जागी यायचं आणि तिथनं उपसायचं. भोकं चिखलानं, माशांच्या खवल्यांनी, भाताच्या तुसानं बुजायची. त्यावर आज्यानं नाळेपासून मागपर्यंत सगळ्या भोकांतून काथ्याची दोरी ओवली होती. चार-आठ दिवसांनी दोरी पुढं-मागं ओढली की भोकं मोकळी. मोठ्या जहाजांत याच कामाला साखळी ओवून ठेवायची जुनी रीत आहे. पायाखालच्या फळ्या त्यानं कधी खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, नुसत्या टेकवल्या. आजा म्हणायचा, "जिथं हात पोचत नाय, तिथं पयलं कुजतं."

उपसायचं काम पोरांचं. आधी करवंटी, मग डालड्याचा डबा, मग तेलाचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापून. कॅन सगळ्यांत बरा, तळाच्या गोलाईला बरोबर बसतो. पावसाळ्यात शाळेआधी अर्धा तास उपसायचं आणि संध्याकाळी परत. ज्या होड्या आषाढ-श्रावणात लागत नसत त्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर काढायच्या. पाणी आतच येऊ न देणं हा सगळ्यांत स्वस्त इलाज. पण जी होडी रोजची, तिला शाकारून कसं चालेल? आणि कापणीच्या दिवसांत तळाला पाणी राहिलं तर खालच्या भाऱ्यांतल्या भाताला मोड यायचे. वर्षाचं धान्य होतं ते.

पुढं फायबर आलं. १९७९ साली मद्रासला बंगालच्या उपसागरातल्या मच्छीमारीचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाटांतून थेट वाळूवर चढवता येतील अशा छोट्या होड्यांवर त्यात बरंच काम झालं. त्या किनाऱ्यावरचं जुनं वाहन म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेलं ते वाहन. लाट वरून येते आणि ओंडक्यांच्या फटींतून निघून जाते. उपसायला काही राहतच नाही. हीच अक्कल फायबरच्या होडीत दुहेरी तळ करून आणता येते. वरचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच, त्याला मागं उतार, मागच्या फळीला भोकं. पाऊस पडो की लाट येवो, पाणी आपल्या पायानं बाहेर जातं.

अट एकच. भरलेल्या होडीतही वरचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. माल जास्त झाला आणि होडी खाली बसली की त्याच भोकांतून खाडी आत येते. आमची होडी भाऱ्यांनी लादली की खोल बसायचीच. मग भोकाला दार पाहिजे. ते दार आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या बांधाला पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. बांधातल्या मोरीला खाडीच्या बाजूनं वर टांगलेली झडप. भरती आली की पाणीच तिला दाबून बंद करतं. ओहोटीला शेतातलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. राखणदार नको, कळ नको.

गावातल्या एकानं ट्रकच्या ट्यूबचे दोन तुकडे कापून होडीच्या भोकांवर बाहेरून वरच्या कडेला आवळले. तीच उघाडी. दोन कोपऱ्यांना दोन भोकं, म्हणजे होडी कोणत्याही अंगाला कलली तरी एक सखल राहतं. शिवाय आतून लाकडी बूच, दोरीनं बांधलेलं, म्हणजे हरवत नाही. पूर्ण भरलेल्या होडीत बूच लावायचं आणि कॅन हाताशी ठेवायचा. शेजारच्या गावात एकानं बॅटरीवरचा पंप बसवला होता. पेंढ्याची काडी अडकून त्याचं बटण बसलं, बॅटरी उतरली, खारं पाणी तारांना लागलं. पंप जोडीला असावा, त्याच्या भरवशावर झोपू नये.

बांधाच्या उघाडीचं मात्र वेगळं झालं. पूर्वी बांध आणि उघाडी गाव मिळून राखायचं. १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, पुढं १९७९ चा आला आणि बरेच बांध सरकारी झाले. आमच्याकडे लाकडाच्या जागी लोखंडी झडप बसली. ती खाऱ्या हवेनं गंजली. एका उधाणाला तिच्यात ओंडका अडकला, आणि झडप उचलायची कुणी हा प्रश्न पडला. गाव म्हणालं सरकारनं, सरकारी माणूस म्हणाला वरून हुकूम येऊ दे. तोवर खाडी शेतात. खार धुऊन जायला दोन-तीन पावसाळे गेले. त्या वर्षांत काही घरांतली पोरं मुंबईला गेली ती गेलीच.

म्हणून कमी देखभालीची वस्तू म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. देखभाल लागतच नाही अशी वस्तू खाऱ्या पाण्यात टिकत नाही. जिची देखभाल मालकाला स्वतःच्या हातानं, तिथल्या तिथं करता येते, ती टिकते. ट्यूबचा तुकडा फाटला तर दुसरा पंक्चरवाल्याकडे मिळतो.

गावातल्या दोन पोरांनी आता फायबरची होडी बांधायला दिली आहे. कारागीर मागची भोकं अर्ध्या इंचाची ठेवणार होता. मी म्हटलं, त्यात पेंढ्याची एक काडी पुरे. अडीच इंचाची कर आणि कडा रेझिननं नीट बंद कर. पोरांनी तसं सांगितलंय.