पुढाऱ्यांना संगणक यावा काय?



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक वाद झाला, तो पुष्कळजणींना आठवत असेल. एका तरुण सुनेने म्हटले, "ज्यांना साधा अर्ज मोबाईलवर भरता येत नाही, त्यांनी निवडणुकीला उभेच राहू नये." आपल्या तालुक्यातील कोठीच्या भाग्यश्री लेखामी विशीतच सरपंच झाल्या, तशा शिकलेल्या मुलीच पुढे याव्यात, असे तिचे म्हणणे. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका माडिया आजीने विचारले, "मग आम्ही काय करायचे, बाई?" उत्तर कोणीच दिले नाही, तिळगूळ वाटून आपण घरी गेलो. स्मरणिकेसाठी काही इतिहासातले लिहा असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मला तो प्रश्नच आठवला. कारण तो संगणकाहून फार जुना आहे.

पश्चिमेकडच्या देशावर जुन्या काळी गावचा मुख्य पाटील. परंतु दप्तर असे कुलकर्ण्याकडे. कागद तयार झाला म्हणजे पाटलाने खाली नांगराची निशाणी करावयाची. मान पाटलाचा, अक्षर दुसऱ्याचे! कुलकर्णी सज्जन असला तर गाव सुखी, नसला तर कर्ज कधी फिटले आणि शेत कधी गेले हे कुणब्याला कळतही नसे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातला संताप पुष्कळसा याच अंधारावरचा आहे.

आपल्या चांद्याकडे व्यवस्था निराळी होती. येथे मालगुजार आणि पटवारी. दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या. माडिया गावात तर कागदच नव्हता. गावाने एकत्र बसावे, बोलावे, ठरवावे, आणि ठरलेले सर्वांनी लक्षात ठेवावे. माडिया बोलीला स्वतःची लिपी नाही, म्हणून तिच्यात राज्यकारभार नव्हता असे समजणे ही आपली चूक होय. कागद आला तो बाहेरून, जंगलखात्याबरोबर, ठेकेदाराबरोबर आणि सावकाराबरोबर. त्याच्यासोबत शाईचा अंगठाही आला. कागदावर अंगठा ही पद्धत आपल्याला अनादि वाटते. पण विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये एका ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला तो १८५८ साली. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि १९७६ साली शाळा निघाली. त्याआधी या भागातल्या किती अंगठ्यांखाली काय लिहिले गेले असेल, याचा हिशेब कोण देणार?

हा अंधार दूर करण्याचा एक प्रयत्न मला फार विचार करण्यासारखा वाटतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा केली आणि पगारी तलाठी नेमले. एवढे सर्वजण सांगतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. लिहिणारा बदलला आणि लिहविणारा तसाच राहिला, तर नुसते खुर्चीवरचे माणूस बदलते, हे त्या राजाने ओळखले असावे.

स्वराज्य आले तेव्हाही हा प्रश्न निघाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीच्या अध्यक्षपदावरून डॉ. राजेंद्रप्रसादांनी खंत व्यक्त केली की, कायदा राबविणाऱ्यांसाठी आपण मोठमोठ्या पात्रता ठरवितो, परंतु कायदा करणाऱ्यांसाठी मात्र कोणतीच घातली नाही. आजही तसेच आहे. सरकारी कारकुनाला एमएस-सीआयटीसारखी संगणकाची परीक्षा पास व्हावी लागते. त्याच्या मंत्र्याला नाही. यात अन्याय आहे असे मला पूर्वी वाटे. आता तितकेसे वाटत नाही. वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. परंतु १९८३ साली मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यांनी परवानगी दिली, आणि पुढे त्यांतून शिकलेली हजारो मुले संगणकाच्या धंद्यात गेली. (त्या महाविद्यालयांनी फीच्या नावाखाली पुढे काय काय केले तो निराळा विषय.) उलट जपानात पहा. संगणकाच्या सुरक्षेचा कारभार ज्यांच्याकडे होता ते मंत्री योशिताका साकुरादा यांनी २०१८ साली संसदेत सांगितले की आपण स्वतः कधी संगणक वापरलेला नाही. जग हसले. मला मात्र त्यांच्या खरे बोलण्याचे कौतुक वाटले. किती पुढारी असे कबूल करतील?

म्हणजे मुंबई-दिल्लीच्या मंत्र्याला टंकलेखन येते की नाही याची मला चिंता नाही. त्याच्याभोवती सचिव असतात, विरोधक असतात, वर्तमानपत्रे असतात. चिंता आहे ती ग्रामपंचायतीच्या सरपंचाची, कारण तिच्याभोवती बहुधा एकच माणूस असतो.

२०११ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी महाराष्ट्राने पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. आणि त्याच वर्षी 'संग्राम' योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक व संगणक परिचालक आले. आम्ही बायका आणि ते यंत्र एकाच सुमारास पंचायतीच्या दारात उभे राहिलो! २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरच्या सहीला कागदावरच्या सहीचे मोल आधीच दिले होते. २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर वित्त आयोगाचा पैसा ग्रामसेवक आणि सरपंच यांच्या डोंगलने जाऊ लागला. करंगळीएवढी ती वस्तू. यंत्रात खोचावयाची, आकडे दाबावयाचे, झाली सही.

आता माझी गोष्ट सांगते. मुलीच्या नोकरीमुळे हेमलकशाला राहावयास येण्यापूर्वी याच जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी एक मुदत सरपंच होते. गावाचे नाव लिहीत नाही. मी दहावी पास. वाचनाची आवड, हिशेब चोख. पण डोंगल हाती आले तेव्हा भीती वाटली, बिघडले तर? तेथला एक मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्या खणात असू द्या." मी दिले, आणि आकडेही चिठीवर लिहून दिले. जवळजवळ पाच महिने माझी सही खणात कुलपाशिवाय पडून होती, आणि मी मात्र सभेत मानाच्या खुर्चीवर बसत होते.

एके दिवशी आश्रमशाळेतली नववीची एक मुलगी घरी आली. तिने आपल्या भावाच्या मोबाईलवर गावाचा खर्च उघडला. तो कोणालाही पाहता येतो हे मला, सरपंचाला, ठाऊक नव्हते! "काकू, आमच्या टोलीवरचा हातपंप दुरुस्त झाला म्हणून येथे पैसे दिलेले दिसतात. पंप तर बंदच आहे." खाली मान्यता माझी. मी तिला म्हणाले, "मी सही केली नाही ग." ती म्हणाली, "पण नाव तुमचेच आहे ना?"

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी आजी अंगठा उठवीत असे, आणि तिची मला लहानपणी लाज वाटे. पण आजीचा अंगठा निदान तिच्या हाताला होता. तो मागावयास कोणाला तरी तिच्या दारी यावे लागे. माझी सही माझ्यावाचून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन डोंगल मागून आणले. आकडे बदलण्यासाठी तालुक्याला दोन खेपा पडल्या. मग ग्रामसभेत उभी राहिले आणि झाले ते सांगितले, स्वतःची चूक आधी. माझ्या नवऱ्याला ते आवडले नाही. घरची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणाले. पंप पुढे दीड महिन्याने दुरुस्त झाला. परिचालक मुलाला दोष देण्यात मला फार अर्थ वाटत नाही. अपुऱ्या आणि तोही महिनोन्महिने थकणाऱ्या मानधनावर त्याला कुलकर्ण्याची गादी आपणच दिली होती.

यंत्र मला आजही नीट चालविता येत नाही. पण तेव्हापासून मुदत संपेपर्यंत तीन गोष्टी सोडल्या नाहीत: डोंगल पदराच्या गाठीला, आकडे डोक्यात, आणि बिल मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही नाही.

शिक्षणाची अट घालणारे कायदे झालेले आहेत. हरियाणाची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मान्य केली. २०१७ साली आपल्या राज्यानेही, १९९५ पासून पुढे जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असणे जरूर केले. मी तर दहावी होते! कोपऱ्यातल्या त्या आजींना गावचे ठरलेले सगळे तोंडपाठ असते. त्यांच्यापुढे बिल मोठ्याने वाचले असते, तर टोलीवरचा पंप बंद आहे हे त्यांनी ऐकताक्षणीच सांगितले असते. आणि ती सून, जिला अर्ज भरता येतो, ती त्यांच्या शेजारीच बसली होती. येत्या बुधवारच्या बैठकीला मी माझा मोबाईल घेऊन येणार आहे. रेंज असली तर आपापल्या गावांचा खर्च उघडून पाहू. वाचावयाचे काम सुनेने करावे, आणि खरेखोटे आजींनी सांगावे.