संश्लेषक वाद्यांतील तरंगाकार व तंबोऱ्याची जवारी

सिंथेसायझर या नावाने परिचित असलेल्या इलेक्ट्रॉनीय संश्लेषक वाद्यात, वादकाने स्वतः घडविलेल्या वा सुधारलेल्या तरंगाकारापासून नाद निर्माण करण्याची पद्धती व तिचा इतिहास. कोणत्याही स्थिर संगीतस्वरात मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट इ. कंप्रतांचे अंशस्वर मिसळलेले असतात. सनई व बासरी एकाच षड्जावर वाजल्या तरी वेगळ्या ओळखू येतात, त्या मुख्यतः या मिश्रणातील प्रमाणामुळे. आवर्ती तरंगाचे असे पृथक्करण करण्याचे गणित फूर्ये यांनी उष्णतावहनावरील आपल्या ग्रंथात (१८२२) दिले आणि हेल्महोल्ट्स यांनी १८६३ मध्ये ते श्रवणाच्या विचारात आणले.

अंशस्वरांचे हे प्रमाण हाताने बदलण्याची कला महाराष्ट्रात विजेच्या वापरापूर्वीच रुजली होती. मिरज येथे, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे वास्तव्यही याच गावी होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर सपाट ठेवीत नाही. तो किंचित बाकदार घासतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून तो मागेपुढे सरकविला, की एका विवक्षित जागी तार ‘बोलू’ लागते. ही जवारी होय. कंप पावताना तार घोडीच्या बाकावर निसटती टेकते व सुटते आणि त्यामुळे वरचे अंशस्वर सतत जागे राहतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा असाच पाचवा अंशस्वर आहे. दोरा केसभर सरकला तरी नादाचा पोत बदलतो. तरंगाकाराचे संपादन ते याहून वेगळे काय असते!

या कारागिरीची शास्त्रीय दखल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये घेतली. टॉमस यंग यांच्या नियमानुसार ज्या बिंदूपाशी तार छेडली जाते, तेथे ज्यांचा निस्पंद पडतो ते अंशस्वर उमटू नयेत. म्हणजे तार नेमकी मध्यावर छेडल्यास दुसरा, चौथा इ. सम अंशस्वर गायब व्हावयास हवेत. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत ते स्पष्ट ऐकू येतात, असे रामन यांना आढळले आणि त्याचे कारण त्यांनी घोडीच्या बाकात शोधले.

इलेक्ट्रॉनीय वाद्यांचा आरंभ याच्या उलट टोकाने झाला. रॉबर्ट मूग यांच्या १९६४ नंतरच्या संश्लेषकांत आंदोलकाकडून करवती, चौकोनी, त्रिकोणी असे मोजकेच तरंगाकार मिळत व नको असलेले अंशस्वर फिल्टर लावून कमी केले जात. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित संश्लेषक संगीताची जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यातील टीबी-३०३ या रोलँड कंपनीच्या यंत्रातही करवती व चौकोनी हे दोनच तरंगाकार होते. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची त्या यंत्राची सोय मात्र रागांच्या कामी आली. त्या काळी फारशी न खपलेली ही मुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

तरंगाकार स्वतः रेखाटण्याची सोय ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट या संगणकीय वाद्याने (१९७९) दिली. त्यात पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येई. कल्पना मोहक होती, पण हाताने काढलेली रेषा कानाला बहुधा निराश करते. रेषेतील प्रत्येक टोकदार कोपरा वरच्या अंशस्वरांची भर घालतो. आवर्तनाचा आरंभ व शेवट एका पातळीवर जुळले नाहीत, तर दर आवर्तनाला उडी बसून नाद खरखरतो. शिवाय अंशस्वरांच्या कला बदलल्या तर आकृती पार निराळी दिसते, कानाला मात्र फरक क्वचितच जाणवतो. म्हणून आकृतीऐवजी अंशस्वरांची प्रमाणे ठरविणे अधिक भरवशाचे ठरले. जपानच्या कावाई के-३ या वाद्यात (१९८६) वादकाला ३२ अंशस्वर निवडून आपला तरंगाकार रचता येई.

तरीही अशा एका आवर्तनातून तंबोरा उभा राहत नाही. तेच आवर्तन हुबेहूब पुनःपुन्हा येत राहते, तर जवारीदार तारेत अंशस्वरांचा जोर छेडल्या क्षणी वर असतो व क्रमाने खाली उतरत जातो. ही उतरण हाच त्या नादाचा प्राण आहे. जर्मनीतील वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वेव्ह २ या वाद्यात (१९८१) ६४ तरंगाकारांची कोष्टके वापरून एका तरंगाकारातून दुसऱ्यात सरकण्याची योजना होती. उतरणीची नक्कल तिच्यामुळे शक्य झाली, पण तीही पायऱ्यापायऱ्यांनीच. रियाझाच्या खोलीत रुळलेल्या इलेक्ट्रॉनीय तंबोऱ्यांनीही पुढे अस्सल तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित नमुनेच स्मृतीत साठविण्याचा मार्ग धरला. अशा नमुन्यात कोण्या कारागिराने लावलेली जवारी जशीच्या तशी येते. ती बदलणे मात्र रियाझ करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पुढे रोलँडच्या एक्सपीएस मालिकेसारख्या कळपट्टीच्या वाद्यांत वादकाने आणलेले नमुने भरता येऊ लागले. सनई, बासरी, बुलबुलतरंग यांचे तयार ‘टोन’ पेनड्राइव्हवरून वाद्यात उतरविणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला आणि भोर, वेल्हे (नवे नाव राजगड) यांसारख्या तालुक्यांतील लग्नकार्यांत वाजणाऱ्या बँडपथकांपर्यंत अशी वाद्ये पोहोचली. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे घोडी अजूनही हातानेच घासली जाते आणि जवारी लागली की नाही याचा निर्णय कारागिराचा कान देतो.