मत्स्यालयांतील पाणी निर्मळ कोण राखतें?

कांचेच्या पेटींत मासे आणि पाणवनस्पति ठेवण्याचा छंद शहरांतल्या पुष्कळ घरांत शिरला आहे. पेटी मोठी असली, तिच्यांत वनस्पतींची दाटी असली, म्हणजे घरधन्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो गाळणीचा. गाळणी केवढी असावी? पाणी तिच्यांतून किती वेगानें फिरवावें? कीं मुळींच फिरवूं नये? दुकानदार याचें उत्तर एका वाक्यांत देतो. विज्ञानाला मात्र तें शोधण्यास फार काळ लागला; आणि त्या शोधांतले दोन मोठे टप्पे एकाच घरांतल्या बापलेकांनीं गांठले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या मंडळाचे रसायनज्ञ. १८४९ च्या मे महिन्यांत त्यांनीं बारा गॅलनांच्या एका कांचपात्रांत वाळू, दगड व पाणी घालून दोन सोनेरी मासे सोडले, आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची, फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पति लाविली. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात, हें प्रीस्टली व इंगेनहाउझ यांच्या प्रयोगांमुळें अठराव्या शतकांतच ठाऊक झालें होतें. माशांनीं कर्बवायु सोडावा, वनस्पतींनीं तो घेऊन प्राणवायु द्यावा, असा हा सरळ हिशेब होता. परंतु कांहीं काळानें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें, कांचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टन यांनीं पांचसहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व बुळबुळ फस्त केली, पाणी पुन्हां निवळलें, आणि गोगलगायींचीं अंडीं माशांना खाद्य झालीं. १८५० सालीं ही हकीकत केमिकल सोसायटीपुढें मांडली गेली. न हलविलेल्या, न बदललेल्या पाण्यांत जीवांचा संसार आपोआप चालतो, अशी 'समतोल मत्स्यालया'ची कल्पना तेथून रूढ झाली.

त्याच सुमारास लंडनमध्येंच ॲना थिन या बाई पोंवळ्याच्या जातीचे सागरी जीव घरीं जगवीत होत्या. त्यांची रीत अगदीं उलट. समुद्राचें ताजें पाणी वारंवार मिळणें कठीण. म्हणून उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत राहण्याचें काम त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास करी. बाईंचें नांव इतिहासांत राहिलें. पंपाचें काम हातांनीं करणारी ती मोलकरीण मात्र अनामिकच राहिली.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, पुढच्याच वर्षीं गॉस यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला, आणि घरोघर कांचेचे हौद दिसूं लागले. समतोलाचा मंत्र ऐकलेल्या लोकांनीं त्यांत वाटेल तितके जीव कोंबले. पाणी नासलें, दुर्गंधि सुटली, आणि दहाबारा वर्षांत ही हौस ओसरली.

हौस ओसरल्यावर जो माणूस चिकाटीनें टिकून राहिला तो विल्यम ॲल्फर्ड लॉइड. या इतिहासांतला खरा व्यवहारचतुर पुरुष तोच म्हटला पाहिजे. मत्स्यालयाच्या सामानाचें दुकान चालवितां चालवितां त्यानें एक गोष्ट हेरली: पाणी थोडें असलें कीं तें लवकर बिघडतें. म्हणून दर्शनी हौदांच्या कित्येक पट पाणी त्यानें तळघरांतील अंधाऱ्या टांक्यांत सांठविलें, आणि पंपानें तें रात्रंदिवस वर चढवून हौदांतून पुन्हां खालीं आणिलें. हँबर्गमध्यें १८६४ सालीं आणि लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं त्याची ही योजना लोकांनीं पाहिली. अंधार कशासाठीं? तर शेवाळ माजूं नये म्हणून. मात्र त्या अंधारांत आणखी कांहीं घडत असेल, ही शंका त्याच्या काळीं यावी तरी कशी?

तिचें उत्तर पॅरिसच्या गटारांतून आलें. श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं १८७७ सालीं एका लांब नळींत वाळू व चुनखडी भरून तिच्यांतून सांडपाणी थेंबथेंब सोडलें. वीस दिवस कांहींच फरक नाहीं. अमोनिया वरून जाई तसाच खालीं येई. मग एकाएकीं नायट्रेट दिसूं लागलें आणि अमोनिया नाहींसा झाला. घडामोड निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्या दिवशींच व्हावयास हवी होती. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलें. पुढें सुपीक मातीचें थोडें धुवण घातलें, आणि तें पुन्हां सुरू झालें. वाळू नुसती गाळीत नव्हती. तिच्या कणांवर जिवंत कामकरी वसले होते. नव्या मत्स्यालयांत पहिले कांहीं आठवडे मासे कां मरतात, आणि जुन्या हौदांतील मूठभर वाळू नव्यांत टाकल्यानें काम लवकर कां लागतें, याचें मर्म त्या नळींत आहे.

ही वार्ता वाचून इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रांत एक रसायनज्ञ कामाला लागला. त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन; समतोल मत्स्यालय रचणाऱ्या वॉरिंग्टन यांचाच हा मुलगा. वडील १८६७ सालीं वारले होते. मुलाचा विषय मासे नव्हे, शेतजमीन. त्यानें दाखविलें कीं हें काम दोन पायऱ्यांनीं होतें: एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसरे त्याचें नायट्रेट करितात, आणि उजेड या कामाला बाधक ठरतो. लॉइडच्या अंधाऱ्या टांक्यांना अशी पुष्टि मिळाली. ते जंतु वेगळे काढण्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली, पण तें यश १८९० सालीं विनोग्राडस्की यांना लाभलें. जेथें इतर जंतु पोसतात त्या सेंद्रिय खाद्यावर हे जंतु वाढतच नाहींत, ही मेख त्यांनीं ओळखली होती. बापाच्या कांचपात्रांत वाळू कां उपयोगी पडली, याचा मोठा भाग मुलानें मातींत शोधून काढला.

तरी समतोलाची जुनी कल्पना सहजीं सुटली नाहीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९४९ सालीं, जेम्स ॲट्झ यांना तिला भ्रम ठरविणारा लेख लिहावा लागला. हौदांत प्राणवायूची ये-जा मुख्यत्वें पाण्याच्या उघड्या पृष्ठभागांतून होते, वनस्पतींवर सारा भार टाकतां येत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. तें बरोबर आहे. पण त्यावरून वनस्पति निरुपयोगी ठरवणें अन्यायाचें होईल. पुष्कळ पाणवनस्पति अमोनिया स्वतःच शोषून घेतात. दाट लावलेला हौद हा स्वतःच अर्धी गाळणी असतो.

मोठ्या वनस्पतियुक्त हौदाची अडचण निराळीच असते. कर्बवायु हवेंत जितक्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारें दहा हजारांश वेगानें पाण्यांत पसरतो. पानाभोंवतीं पाण्याचा पातळ थर निश्चल राहिला, तर पान उपाशीं राहतें. म्हणून प्रवाह हौदाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोंचला पाहिजे, पण पृष्ठभाग फार घुसळतां कामा नये, नाहीं तर मुद्दाम घातलेला कर्बवायु उडून जातो. प्रचंड पंप घेऊन एकाच तोंडानें धार सोडण्यापेक्षां दोनतीन ठिकाणांहून संथ प्रवाह देणें श्रेयस्कर. गाळणींत आधीं कचरा अडविणारा स्पंज, मग जंतूंना वस्ती देणारे सच्छिद्र खडे, असा क्रम असावा. ते खडे हौदांतूनच काढलेल्या पाण्यानें विसळावे. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन श्लेसिंग यांच्या क्लोरोफॉर्मसारखेंच काम करील.

ताकाशी अमानो या जपानी कलावंतानें हें सारें विलक्षण प्रमाणावर साधलें. लिस्बन येथें २०१५ सालीं त्यानें रचलेला गोड्या पाण्याचा वनस्पतिहौद चाळीस मीटर लांब असून त्यांत १,६०,००० लिटर पाणी आहे. दिवसा वनस्पतींना कर्बवायु द्यावा आणि दिवे मालवल्यावर, वनस्पतिही प्राणवायु खाऊं लागतात तेव्हां, पाण्यांत हवा सोडावी, असा त्याचा परिपाठ असे. हौद उघडला त्याच वर्षीं तो वारला.

आणि त्याच वर्षीं धाकट्या वॉरिंग्टनच्या सिद्धांतालाही एक अपवाद निघाला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जंतु संशोधकांना आढळला. ज्या ठिकाणीं तो सांपडला, त्यांतलें एक म्हणजे मत्स्यपालनाचें पाणी फिरवून शुद्ध करणारी गाळणी.