जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांची प्रेरणा

वारली लग्नातील चौक तांदळाच्या पिठाने लिहिण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. मधोमध पालघट देवी. वाणगावप्रमाणेच डहाणू तालुक्यात असलेल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) मात्र पुरुष असून, लग्नप्रसंग नसतानाही चित्रे काढीत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे कागदावर आली व वारल्यांच्या पाड्याबाहेर पोहोचली. मासेमारीचे जाळे, भातशेती, तारपा नाच हे त्यांचे विषय. जाळ्याचा तर एकेक धागा बारीक काडीने रेखलेला. १९८९ मध्ये पॅरिसचे प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. या प्रेरणेचे श्रेय केवळ व्यक्तिगत प्रतिभेस देणे अपुरे वाटते. त्रिकोणी देहांची ही रेषाभाषा त्यांना चौकातूनच लाभली. तो लिहिणाऱ्या स्त्रियांची नावे कलेतिहासात क्वचितच आढळतात.