घाटजकात, भोर-वेल्हे परिसरातील

घाटजकात : सह्याद्रीच्या घाटवाटांनी कोकण व देश यांच्या दरम्यान जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर घेतला जाणारा कर. ‘जकात’ हा शब्द मूळचा अरबी असून मराठी कारभारात तो व्यापारी मालावरील कर या अर्थाने रूढ झाला. भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) तालुक्यांच्या पश्चिमेकडील वरंधा, मढे, शेवत्या इ. घाट महाडच्या बाजूस उतरतात. महाड हे सावित्री नदीवरील जुने बंदर. तेथील मीठ, नारळ, सुकी मासळी इ. माल बैलांच्या पाठीवरून देशावर चढे व देशावरील धान्य, गूळ खाली उतरे. घाटवाटा मोजक्या व अरुंद असल्याने थोड्या माणसांच्या बळावर कर वसूल करता येई. वरंधा घाटातील कावळ्यासारखे किल्ले या वाटांवर नजर ठेवीत.

मराठी अमदानीत माल भरण्याच्या ठिकाणी घेतल्या जाणाऱ्या जकातीस थळभरीत व विक्रीच्या ठिकाणी घेतल्या जाणाऱ्या जकातीस थळमोड म्हणत. जकातीचा वसूल बहुधा मक्त्याने दिला जाई. निरनिराळ्या हद्दींत एकाच मालावर पुनःपुन्हा कर पडे. त्यामुळे हुंडेकरी हा मध्यस्थ पुढे आला. व्यापाऱ्याकडून ठोक रक्कम घेऊन वाटेतील सर्व जकाती तो परस्पर भागवी. अर्थात हा सारा भार मालाच्या किमतीत मिसळून अखेर गिऱ्हाइकावर पडे; मिठासारख्या गरजेच्या जिनसांबाबत तो गरिबास अधिक जाचे.

जकातीचा हेतू केवळ महसुलाचा नसे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, अशी आज्ञा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास केली. संरक्षक आयातकराचे हे ठळक उदाहरण होय.

मुंबई इलाख्यातील अंतर्गत मार्गजकात १८३८ च्या कायद्याने रद्द झाली. घाटमाथ्यावर व घाटाखालील सुधागड भागात पसरलेले भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. संविधानाच्या अनुच्छेद ३०१ ने भारतभर व्यापार मुक्त ठरविला. राष्ट्राच्या सीमेवरील सीमाशुल्क मात्र कायम असून त्याचा आधार १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम व १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम हा आहे. भोरच्या ग्राहकाने संगणकीय जाळ्यावरून परदेशी वस्तू मागविल्यास तिच्या किमतीत वाहतूक व विमा यांचा खर्च मिळवून शुल्क आकारतात. त्याशिवाय १ जुलै २०१७ पासून एकात्मिक वस्तू व सेवा कर पडतो. हा कर उपभोगाच्या ठिकाणाशी निगडित असल्याने तत्त्वतः थळमोडीस जवळचा आहे. पुष्कळदा कुरिअर कंपनी शुल्क भरून ते आपल्या आकारासह ग्राहकाकडून वसूल करते. तिचे काम हुंडेकऱ्याच्या कामाशी जुळते. मागणी नोंदविताना दिसणाऱ्या किमतीत हा भार धरलेला असतोच असे नाही. म्हणून वस्तू घरपोच पडते केवढ्यास, याचा हिशेब आधी करणे ग्राहकाच्या हिताचे असते.