मोडी, उर्दू आणि कोडिंग

१९४८ पर्यंत तीर्थपुरी निजामाच्या राज्यात होतं. शेतकरी बोलायचा मराठी आणि सरकारी कारभार चालायचा उर्दूत. कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, तो सांगेल ते खरं!

तिकडे इंग्रजी मुलखात कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, त्यात बाळबोधसोबत मोडी आणि हिशेबही होते.

आज सातबारा ऑनलाइन, पीकविम्याचा अर्जही ऑनलाइन. अर्ज अडकला की उत्तर एकच, "सिस्टीम घेत नाही." पण सिस्टीमचे नियमही माणसंच लिहितात, हे कळायला थोडं कोडिंग यावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते सहावी ते आठवीसाठी सुचवलंय.

सगळे काही आयटीत जाणार नाहीत, मान्य. पण मोडी शिकून तरी सगळे कुठे कुलकर्णी होणार होते?