शरणपूरचा जेकब

शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो. गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील मिशनच्या शाळेत शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७२ साली मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी देह वाळवून सुमारे १,००० मैल समुद्राकडे वाहून नेला. प्रेताला कोणी वाट देईना, तेव्हा ते कापडाच्या गाठोड्यासारखे बांधले. १८७४ साली लंडनला दफन झाले. त्या सोबत्यांपैकी तेथे जेकब एकटाच होता.

आम्हां कामगार चळवळीतल्यांना यात एवढे दिसते: परदेशी धर्मकार्यास जाणारा सुरक्षित राहतो तो स्थानिक सोबत्यांच्या भरवशावर. आज चार दिवसांसाठी जाणाऱ्यानेही निघण्यापूर्वी विचारावे, आपले ओझे वाहणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर?